मालक गावातच राहतो तेव्हा

डेन्मार्कच्या नकाशावर बिलुंड शोधावं लागतं. तिथं बंदर नाही, खाण नाही, राजधानीही जवळ नाही. १९१६ साली ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने तिथं एक वर्कशॉप विकत घेतलं. पुढे मंदीत घरबांधणीची कामं आटली, तेव्हा १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला आणि त्यातून लेगो ही खेळण्यांची कंपनी उभी राहिली. आज या जेमतेम सात-आठ हजार वस्तीच्या गावाला विमानतळ आहे, आणि तोही कोपनहेगननंतर देशातला सर्वांत वर्दळीचा. त्याची सुरुवात झाली ती लेगोच्या मालकांनी कंपनीसाठी बांधलेल्या खासगी धावपट्टीपासून.

कारखाना कुठे काढावा याचे ठोकताळे पाठ्यपुस्तकांत असतात: कच्चा माल जवळ हवा, बाजार जवळ हवा, वाहतूक स्वस्त हवी. बिलुंडला यातलं काहीच लागू नव्हतं. कारखाना तिथं होता, कारण मालकाचं घर तिथं होतं. एवढंच. बाब किरकोळ वाटते, पण जगातल्या कितीतरी भागांचं अर्थकारण तिच्यावरच उभं आहे, आणि तिच्यामुळेच कोसळतंही. घराण्यांचं आपल्या मातीवर प्रेम असतं म्हणून तो भाग भरभराटीला येतो, असं भावुक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. मला ते फारसं पटत नाही. खरी गोष्ट जास्त रुक्ष आहे. घराण्याचा पैसा, नाव आणि नातीगोती एकाच जागी अडकलेली असतात. अडकलेला माणूस निर्णयही वेगळे घेतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. कौटुंबिक व्यवसाय म्हणजे लहान व्यवसाय नव्हे. फोक्सवॅगनमधली निम्म्याहून जास्त मतं पोर्शे आणि पिएच या नात्यातल्या दोन घराण्यांच्या हातात आहेत. वॉलमार्टवर वॉल्टन कुटुंबाचा ताबा आहे. फोर्डमध्ये तर कुटुंबाचा भांडवलातला वाटा अगदी थोडा, पण खास वर्गातल्या शेअरमुळे मतं ४० टक्के. १९३२ साली अमेरिकेत बर्ल आणि मीन्स या दोन अभ्यासकांनी मांडलं होतं की मोठ्या कंपन्यांची मालकी आता असंख्य भागधारकांत विखुरलीय आणि कारभार पगारी व्यवस्थापकांच्या हाती गेलाय. बरीच वर्षं साऱ्या जगाचं चित्र असंच आहे, असं धरून चाललं. १९९९ मध्ये ला पोर्ता या अर्थतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २७ श्रीमंत देशांतल्या बड्या कंपन्यांची मालकी उकलून पाहिली, तेव्हा कळलं की विखुरलेली मालकी हा अपवादच म्हणायचा. बहुतेक ठिकाणी शेवटच्या टोकाला एखादं कुटुंब किंवा सरकार निघत होतं.

म्हणून आकार बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारायचे. अंतिम निर्णय कुटुंबाच्या हातात आहे का? आणि धंदा पुढच्या पिढीकडे द्यायचा मनसुबा आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो कौटुंबिक व्यवसाय. रोजचा कारभार घरातलाच माणूस पाहतो की बाहेरचा, हा तिसरा प्रश्न. तो वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं आहे. का, ते वारसांच्या गोष्टीकडे वळल्यावर दिसेल.

अडकलेला पैसा

शेअरबाजारातला गुंतवणूकदार शंभर कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालतो. त्यातली एक बुडाली तर त्याला हळहळ वाटते, झोप उडत नाही. कारखानदार घराण्याचं तसं नसतं. त्यांची बहुतेक संपत्ती एकाच धंद्यात, एकाच ठिकाणच्या जमिनीत, यंत्रांत आणि उधारीत असते. विकून निघायचं म्हटलं तर गिऱ्हाईक सहजासहजी मिळत नाही. शिवाय ज्यांना कामावरून काढायचं त्यांची मुलं आपल्या मुलांच्या वर्गात असतात.

यातून काय घडतं? फ्रान्समधल्या कंपन्यांच्या आकडेवारीवर याचा चांगला अभ्यास झालाय. कौटुंबिक कंपन्या पगार सरासरीने कमी देतात, पण माणसं काढतातही कमी. मंदी आली की नफा खाली येतो, नोकऱ्या त्यामानाने टिकतात. म्हणजे कामगार दर महिन्याच्या पगारातून थोडं सोडून देतो आणि त्या बदल्यात वाईट दिवसांत कामावर राहतो. हा एक न लिहिलेला विमा आहे. मालकाला हा विमा देणं परवडतं, कारण पुढच्या तिमाहीचा ताळेबंद सुंदर दिसला नाही तरी त्याला कोणी हाकलणार नसतं. बाजारातली कंपनी असाच शब्द देऊ शकते, पण तो शब्द देणारा साहेब तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

याला मालकाचा चांगुलपणा म्हणायचा मोह होतो. मी त्याला सौदा म्हणेन. चांगुलपणा असेलही, पण तो नसला तरी सौदा चालतो, म्हणून तर तो इतक्या ठिकाणी दिसतो.

लेगोचंच पाहा. २००३-०४ मध्ये कंपनी गाळात गेली. खेळण्यांचे असंख्य नवे प्रकार, मनोरंजन उद्यानं, कपडे, जिथं तिथं हातपाय पसरलेले. संस्थापकाचा नातू केल्ड कर्क क्रिस्टियान्सन याने २००४ मध्ये कारभार सोडला आणि यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प या पस्तिशीतल्या, घराबाहेरच्या माणसाला खुर्चीत बसवलं. कुटुंबाने स्वतःच्या पैशातून कंपनीला टेकू दिला. २००५ मध्ये लेगोलँड उद्यानांतला मोठा हिस्सा विकला. बिलुंडमधल्या नोकऱ्याही गेल्या, उत्पादनाचा काही भाग परदेशी ठेकेदाराकडे गेला आणि जमलं नाही म्हणून परत घेतला. थोडक्यात, गावालाही झळ बसली. पण कंपनी विकली गेली नाही, मुख्यालय हललं नाही. आणि मुख्यालय हलणं म्हणजे काय असतं, हे कळायला दोन चॉकलेट कंपन्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

दोन चॉकलेट कंपन्या

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. कारखाना आणि मुख्यालय या दोन गोष्टी त्या भागाला वेगवेगळं देतात. कारखाना पगार देतो. मुख्यालय त्याशिवाय वकील, हिशेबतपासनीस, जाहिरातवाले, छपाईवाले, आर्किटेक्ट आणि बँक यांना काम देतं. तिथल्या पोरांना वाटतं की मोठं होऊन इथंच साहेब होता येईल. धंदा बाहेरच्या बड्या कंपनीने घेतला की बहुतेक वेळा कारखाना राहतो आणि ही वरची साय निघून जाते. हिशेब दुसऱ्या शहरात, खरेदी दुसऱ्या शहरात, आणि इथं फक्त शाखा. शाखा चालू ठेवायची की बंद करायची, हेही तिथं ठरतं.

कॅडबरी हे इंग्लंडमधलं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं घराणं. १८७९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमच्या बाहेर बोर्नव्हिलला कारखाना हलवला आणि पुढे कामगारांसाठी बागा, मैदानं असलेली वसाहत वसवली. पण शेअरबाजारात नोंदणी, मग विलीनीकरण असं होत होत घराण्याचा ताबा गेला. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कंपनी घेतली. ब्रिस्टलजवळचा सॉमरडेल कारखाना बंद करून काम पोलंडला न्यायचं कॅडबरीने आधीच ठरवलं होतं. तो चालू ठेवता येईल, असं क्राफ्टने बोली लावताना सांगितलं. व्यवहार झाल्यावर काही दिवसांतच सांगितलं की जमणार नाही. कंपन्यांच्या खरेदीवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश मंडळाने क्राफ्टला जाहीर कानपिचक्या दिल्या आणि पुढे नियमही कडक केले. सॉमरडेलच्या कामगारांना त्याचा काय उपयोग!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावाची गोष्ट उलटी. तिथल्या चॉकलेट कंपनीचा संस्थापक मिल्टन हर्शी याला मूलबाळ नव्हतं. त्याने आणि त्याच्या बायकोने १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि १९१८ मध्ये कंपनीतले आपले शेअर त्या शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकले. वारस नसलेल्या माणसाने ट्रस्टलाच वारस केलं. २००२ मध्ये ट्रस्टींनी ठरवलं की सगळा पैसा एकाच कंपनीत अडकवून ठेवणं धोक्याचं आहे, कंपनी विकावी. आर्थिक सल्लागार म्हणून विचार केला तर हा सल्ला बिनचूक आहे. च्युइंगम बनवणाऱ्या रिगली कंपनीने सुमारे १२.५ अब्ज डॉलर द्यायची तयारी दाखवली. गाव रस्त्यावर उतरलं. राज्याच्या अॅटर्नी जनरलने कोर्टातून मनाई आणली आणि ट्रस्टने विक्री सोडून दिली.

या प्रकरणात पूर्णपणे चुकीचं कोणीच नव्हतं. ट्रस्टींना पैसा एका जागेतून मोकळा करायचा होता, आणि गावाचं हित तो अडकलेला राहण्यातच होतं. नंतर दोन संशोधकांनी हिशेब मांडला की विक्री अडवल्याने ट्रस्टचं अब्जावधी डॉलरचं नुकसान झालं. तो ट्रस्ट अनाथ मुलांचा आहे, हेही विसरून चालत नाही. म्हणजे गाव टिकवण्याची किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतच असतं. कौटुंबिक कंपनीत ती घराणं मोजतं आणि कामगारही कमी पगारातून मोजतो. बाहेर दिसत नाही इतकंच.

एक घराणं की शंभर?

इथवर वाचून वाटेल की गावात एखादं मोठं उद्योगी घराणं असलं की गावाचं भलं झालं. इथं मात्र सावध राहायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने इंग्लंडमधल्या शेफील्डसारख्या उद्योगनगरींकडे पाहून एक विचार मांडला. शेफील्डमध्ये सुऱ्या-कात्र्यांचे असंख्य लहान कारखानदार एकमेकांना चिकटून होते. एकाच धंद्यातले लोक असे एकत्र आले की तीन फायदे होतात: कसबी कामगार हाताशी मिळतात, जोडधंदे उभे राहतात, आणि धंद्यातली गुपितं गुपितं उरत नाहीत. पोरं ती न शिकवताच शिकतात.

तिसरा फायदा कागदावर धूसर वाटतो. तो जवळून पाहायचा तर जपानमधलं हामामात्सु शहर घ्यावं. १८८७ मध्ये तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने तिथल्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतःच ऑर्गन बनवायला लागला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या कोइची कावाईने १९२७ मध्ये बाहेर पडून स्वतःचा पियानोचा कारखाना काढला. तिकडे मिचिओ सुझुकी १९०९ पासून हातमाग आणि यंत्रमाग बनवत होता. १९४६ मध्ये सोइचिरो होंडाने याच शहरात सायकलला छोटं इंजिन बसवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये सुझुकीनेही इंजिनवाली सायकल आणली, आणि १९५५ मध्ये ऑर्गनवाल्या यामाहाने मोटरसायकल कंपनी काढली. माग, वाद्यं आणि मोटरसायकली यांचा एकमेकांशी संबंध काय? लाकूडकाम, ओतकाम, बारीक मापातलं यंत्रकाम. हे कसब शहरात होतं, ते करून देणारे छोटे कारखाने होते, आणि एकाचं पाहून दुसऱ्याला खुमखुमी येत होती. कावाई यामाहातून फुटला ही यामाहासाठी वाईट बातमी असेल, शहरासाठी नव्हती.

आता याच्या उलट टोक. १९६१ मध्ये बेंजामिन चिनिट्झ या अर्थतज्ज्ञाने न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना केली. न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवणारे हजारो छोटे मालक, पिट्सबर्गमध्ये मूठभर अवाढव्य पोलाद कंपन्या. चिनिट्झचं म्हणणं असं की छोट्या मालकाच्या घरात वाढलेलं पोर धंद्याचं बोलणं ऐकतच मोठं होतं. पोलाद कंपनीतल्या पगारी अधिकाऱ्याच्या मुलाला ते मिळत नाही. बँकांचंही तसंच. जिला बड्या कंपनीला मोठं कर्ज द्यायची सवय, तिला नवख्याला छोटं कर्ज कसं द्यायचं ते उमगत नाही. वाहतूकदार आणि पुरवठादारही बड्या गिऱ्हाइकाच्या तालावर चालतात. म्हणजे मोठी कंपनी आसपासची जागा तर व्यापतेच, शिवाय नवं उगवायला लागणारी जमीनही कोरडी करते.

हा नुसता अंदाज होता. २०१५ मध्ये एडवर्ड ग्लेझर, सारी पेक्काला-कर आणि विल्यम कर या अर्थतज्ज्ञांनी तो अमेरिकेतल्या शहरांवर तपासला. ज्या शहरांजवळ जुन्या काळी खनिजाच्या खाणी होत्या तिथं मोठ्या कंपन्या रुजल्या. त्या शहरांत आजही नवे उद्योजक कमी निघतात आणि रोजगाराची वाढही कमी आहे. खाणी संपून जमाना झाला तरी.

म्हणून एखाद्या भागात कौटुंबिक व्यवसाय आहेत, एवढं कळून भागत नाही. किती घराणी आहेत ते विचारावं. शंभर घराणी असतील तर एकाकडचं काम सुटलं तरी कामगार दुसऱ्याच्या दारात उभा राहू शकतो. एकच घराणं असेल तर पगार तेच ठरवतं, नगरपालिकेत त्यांचाच माणूस, शाळेच्या समितीवर त्यांचीच सून, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायचं तर आधी चारदा विचार करावा लागतो. मालक गावातच राहतो, याची ही दुसरी बाजू. कृतज्ञतेच्या भाषणांत ती येत नाही.

शंभर घराणी असली म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. चीनमधल्या वेन्झोउ शहरात १९७८ नंतर खासगी धंदे तरारून वाढले. बटणं, जोडे, चष्मे, लायटर. सरकारी बँका या लोकांना उभं करत नव्हत्या, तेव्हा भांडवल आलं ते नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि खासगी सावकारीतून. ओळखीच्या माणसाला बुडवायची हिंमत होत नाही, या एका गोष्टीवर सगळा व्यवहार. पुढे हाच पैसा जमिनी आणि घरांच्या सट्ट्यात शिरला आणि कारखानदार एकमेकांना जामीन राहू लागले. २०११ मध्ये पतपुरवठा आवळला गेला तेव्हा एक बुडाला की त्याचा जामीन बुडायचा आणि मग जामिनाचा जामीन. कित्येक मालक रातोरात परागंदा झाले. ज्या विश्वासाने शहर उभं केलं होतं, त्यानेच बुडणं घरोघरी पोचवलं.

पहिला मुलगा

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कारभार कोण पाहतो?

बहुतेक घराण्यांत उत्तर ठरलेलं असतं: मोठा मुलगा. याने कंपनीचं भलं होतं का, हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. कंपनी बरी चालत असेल तर मुलगा आनंदाने येतो, बुडत असेल तर बाहेरच्याला बोलावतात. मग मुलाच्या काळात कंपनी बरी चालली म्हणजे मुलामुळे चालली, असं म्हणता येत नाही.

डेन्मार्कमध्ये मॉर्टन बेनेडसेन आणि सहकाऱ्यांनी यावर सुरेख युक्ती काढली. निवृत्त होणाऱ्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा असेल तर गादी घरातच जाण्याची शक्यता वाढते. पण पहिलं अपत्य मुलगा होणार की मुलगी, याचा कंपनीच्या तब्येतीशी काडीचा संबंध नसतो. तो निव्वळ योगायोग. मग पहिला मुलगा असलेल्या आणि पहिली मुलगी असलेल्या प्रमुखांच्या कंपन्यांची तुलना केली की घरच्या वारसाचा खरा परिणाम सुटा करता येतो. २००७ मध्ये आलेला निष्कर्ष बोचरा होता: कारभार घरातल्याच माणसाकडे गेल्यावर मालमत्तेवरचा नफा निदान चार टक्केबिंदूंनी घसरतो. म्हणजे शंभर रुपयांच्या मालमत्तेवर दहा रुपये सुटत असतील तर ते सहावर येतात.

त्याच वर्षी ब्लूम आणि व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या ७३२ मध्यम कारखान्यांचा कारभार तपासला. मालकी घराण्याची पण कारभार बाहेरच्या माणसाकडे, अशा कंपन्या ठाकठीक होत्या. ढिसाळ निघाल्या त्या मुख्यतः थोरल्या मुलाकडे आपोआप गादी जाणाऱ्या. दोष मालकीत नव्हता. आपल्याला खुर्ची मिळणारच आहे हे ज्याला लहानपणापासून ठाऊक असतं, त्याला शिकायची निकड कशी वाटणार?

जपानी घराण्यांनी यावर जुना तोडगा काढलाय. मुलगा नसेल किंवा असून कुवतीचा नसेल, तर कर्तबगार तरुण हेरायचा, मुलीशी लग्न लावायचं आणि त्याला दत्तक घ्यायचं. तो सासऱ्याचं आडनाव लावतो. म्हणून जपानमधल्या दत्तकविधानांत लहान मुलांपेक्षा प्रौढ पुरुषच जास्त असतात. १९७८ मध्ये सुझुकी मोटरची सूत्रं हाती घेणारे आणि पुढे मारुतीमुळे भारतातही ओळखीचे झालेले ओसामु सुझुकी हे जन्माने मात्सुदा. संस्थापकाच्या नातीशी लग्न करून ते सुझुकी झाले. दत्तक वारसांच्या जपानी कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस चालतात, असं संशोधनातही दिसलंय. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: बाहेरून कोणी येऊ शकतो, हे घरातल्या मुलालाही माहीत असतं.

तरी कारभारी चांगला मिळाला म्हणजे प्रश्न मिटला, असं नाही. मालकी वाटली जातेच. संस्थापकाला तीन मुलं, प्रत्येकाला तीन, पुन्हा प्रत्येकाला तीन, असं धरलं तर चौथ्या पिढीत २७ भागीदार झाले. त्यातले दोघे-तिघे कारखान्यात, बाकीचे दूरच्या शहरांत डॉक्टर नाहीतर वकील. त्यांना कारखान्याच्या भोंग्याशी देणंघेणं नसतं, त्यांना लाभांश हवा असतो, आणि कोणी चांगली किंमत दिली तर हिस्सा मोकळा करायचा असतो. अडकलेला पैसा असा पिढीगणिक सैल होत जातो. भाऊबंदकी नसली तरी.

तो सैल होऊ नये म्हणून काही देशांनी गाठी मारल्या आहेत. डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या संस्थापकाने १८७६ मध्ये न्यास स्थापला. पुढे मुलाशी बिनसल्यावर मद्यनिर्मितीचा अख्खा धंदा त्या न्यासालाच दिला. जर्मनीत बॉशचं भांडवल बव्हंशी एका धर्मादाय न्यासाकडे आहे. जर्मनीचा वारसा कर तर सरळ बोली करतो: धंदा वारसाने पाच वर्षं चालवला आणि त्या काळात पगारावरचा एकूण खर्च आधीच्या पाच वर्षांतल्या सरासरी वार्षिक खर्चाच्या चौपटीखाली जाऊ दिला नाही, तर धंद्याच्या किमतीच्या ८५ टक्के भागावर कर माफ. १५ पेक्षा जास्त कामगार असतील तेव्हाचं हे प्रमाण, लहानांना त्याहून सवलत. थोडक्यात, सरकार म्हणतं, नोकऱ्या राखा, कर सोडतो. यामुळे देशातली सर्वांत मोठी संपत्तीसुद्धा जवळपास करमुक्त पुढच्या पिढीकडे जाते, अशी टीका होते आणि ती खोटी नाही. २०१४ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही जुनी सवलत फार सैल असल्याचं सांगून ती बदलायला लावली. मूळ बोली मात्र कायम राहिली.

वारसच नसेल तर

हे सगळं वारस आहे असं धरून झालं. श्रीमंत देशांत आता मोठी अडचण उलटी आहे. जपानच्या अर्थ आणि उद्योग मंत्रालयाने वर्तवलं होतं की २०२५ पर्यंत लहान-मध्यम उद्योगांचे सुमारे २४.५ लाख मालक सत्तरी ओलांडतील आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा, म्हणजे १२.७ लाखांचा, वारस ठरलेला नसेल. काहीच केलं नाही तर ६५ लाख नोकऱ्या जाण्याचा धोका त्यांनी मांडला. यातले बरेच धंदे तोट्यात नाहीत. नफा आहे, गिऱ्हाईक आहे, कामगार आहेत. फक्त मुलगा दूरच्या शहरात नोकरी करतो आणि परत यायचं म्हणत नाही.

लहान शहरात असा एक कारखाना बंद पडला की बाहेर बातमी होत नाही, पण तो ज्या चार मोठ्या कारखान्यांना एकच खास सुटा भाग पुरवत होता, त्यांची पंचाईत होते. मार्शलने सांगितलेले जोडधंदे असे एकेक करून उसवतात. जपानने २०१८ मध्ये वारसाला शेअर देताना लागणारा कर पूर्णपणे पुढे ढकलायची सोय केली. नात्याबाहेरचा वारसही त्यात चालतो. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणारी केंद्रं प्रत्येक प्रांतात आहेत. मालक विकायला तयार होतात ते शेवटच्या घटकेला, ही खरी अडचण. विकायला काढलं हे कळलं की गिऱ्हाईक आणि कामगार दोन्ही पांगतील, या भीतीने ते कोणाला सांगतच नाहीत.

इटलीने तिसरी वाट धरली. तिथल्या १९८५ च्या मार्कोरा कायद्यानुसार बंद पडणाऱ्या कारखान्यातले कामगार सहकारी संस्था काढून तो विकत घेऊ शकतात. बेकारीभत्ता महिन्यामहिन्याने घेण्याऐवजी एकरकमी उचलून भांडवल म्हणून घालता येतो, आणि त्याला सरकारी निधीची जोड मिळते. कारखाना अशा प्रकारे वाचतो तो बहुधा लहान, आणि ज्याचं कसब कामगारांच्या हातात आहे असा. गिऱ्हाइकांशी बोलणी, उधारीची मुदत, बँकेतली पत हे सगळं एकट्या मालकाच्या डोक्यात आणि टेलिफोन डायरीत असेल, तर यंत्रं आणि माणसं दोन्ही हाती असूनही पहिल्या वर्षातच अडतं. म्हणून अशा खरेदीत जुन्या मालकाला वर्ष-दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवून घेणं शहाणपणाचं असतं, तो कितीही तऱ्हेवाईक असला तरी.